दुखवट्याचा ठराव

"मी मेलो तरी उद्याची सभा तहकूब होऊ द्यायची नाही. कळलं का रे महेंद्रा?"

हरिहर मुळ्ये रत्नागिरीतल्या एका खासगी दवाखान्यात खाटेवर उशीला टेकून बसले होते. नाकात नळी, हाताला सलाईन, पण आवाजातला हुकूम काही उतरला नव्हता. समोर स्टुलावर महेंद्र जाधव अवघडून बसला होता. एसटीत उभी हयात कंडक्टरकी केलेला माणूस, पण दवाखान्यात शिरला की हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नसे.

"असं अभद्र कशाला बोलता, अण्णा?"

"अभद्र कसलं त्यात? देवदत्ताला मी पुरता ओळखून आहे. मी गेलो तर तो रडेल. खोटं नाही हो, अगदी मनापासून रडेल. आणि रडता रडता तुझा विषय बुडवून मोकळा होईल. तेव्हा मी असो नसो, मतदान मागायचं. 'मतदान घ्या', एवढंच म्हणायचं. भाषण नको, ते तुला जमत नाही."

कोपऱ्यात मोसंबं सोलत बसलेल्या त्यांच्या बायकोने, आनंदीबाईंनी, मान वर केली. "अहो, डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलंन ना?"

"सांगितलंन की. पण त्या डॉक्टरच्या गावात साकव आहे," अण्णा म्हणाले, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

हे दोघे कातळवणे नगरपंचायतीचे नगरसेवक, आणि तेही समोरासमोरच्या बाकांवरचे. अण्णा सत्ताधारी, महेंद्र विरोधात. कातळवणे हे रत्नागिरीपासून एसटीने तासाभराचं गाव. काही वर्षांपूर्वी तिथल्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, तेव्हा पाटी बदलली, खुर्च्यांना गाद्या आल्या आणि घरपट्टी वाढली. पऱ्या मात्र होता तिथेच आणि होता तसाच राहिला.

हा पऱ्या म्हणजे बौद्धवाडीच्या खालच्या अंगाने वाहणारा ओढा. उन्हाळ्यात त्यात गुरांचे खूरसुद्धा भिजत नाहीत. पण आषाढात सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळमाळावरचं, पाणी खाली उतरायला लागलं की त्याच्याकडे बघवत नाही. आणि वाडीचं स्मशान त्याच्या पलीकडे. गावच्या मोठ्या स्मशानाला डांबरी रस्ता होता, वर पत्र्याची शेड होती. पण तुमची माणसं इकडे आणा, असं वाडीला कधी कोणी म्हटलं नव्हतं आणि वाडीनेही तोंड वेंगाडून कधी विचारलं नव्हतं. पावसाळ्यात वाडीत कोणी गेलं की चौघांनी तिरडी उचलायची, बाकीच्यांनी दोर धरायचा आणि सगळ्यांनी मिळून पाण्यात उतरायचं, ही जुनी रीत. महेंद्रचे वडील जानू गेले त्या दिवशी दोर तुटला. जानू जाधव तिरडीसकट वाहून गेले आणि दुसऱ्या दिवशी खाली खाडीच्या तोंडाशी, चिखलात सापडले. ज्या माणसाने आयुष्यात एकदाही कोणापुढे मान झुकवली नाही, तो उपडा सापडला.

महेंद्रच्या आईने, सुंदराबाईने, तेव्हापासून लेकाजवळ एकच मागणं लावलं होतं.

"मना लुगडा नको, सोना नको. मी मेली का मना तेवढी सुकी न्ये रे बाबा. तुझ्या बापासारखी भिजवू नको."

महेंद्र निवडणुकीला उभा राहिला तो एवढ्यासाठीच. पऱ्यावर साकव हवा, माणूस पलीकडे कोरडा जाईल एवढा लहानसा पूल. दुसरा कुठला मोठा विचार त्याच्या डोक्यात नव्हता. निवडून यायचं, सभेत उभं राहून सांगायचं आणि साकव घालून घ्यायचा, असा त्याचा भोळा हिशेब. मग त्याला समित्या भेटल्या.

काम आधी बांधकाम समितीपुढे यायचं. समितीने शिफारस केली तर ते सर्वसाधारण सभेपुढे जायचं. तिथे एकाने सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, आणि सगळ्यांचं जमलं नाही तर हात वर करून मोजायचं. दोन्ही बाजूंचे हात सारखे भरले तर नगराध्यक्षाने आपलं निर्णायक मत टाकायचं. ऐकायला सगळं सरळ. पण बांधकाम समितीच्या बैठकीत वडे आले की विषय गार व्हायचा आणि शुभंकर लिपिक लिहायचा, 'जागेची पाहणी करून विषय पुढील सभेत ठेवण्यात यावा.' पुढच्या सभेत पुन्हा तेच वाक्य. जागा बघायला मात्र कोणी फिरकायचं नाही. आणि या समितीचे सभापती कोण, तर हेच हरिहर मुळ्ये. हापूसच्या बागांचे मालक, जिभेने तिरकस, समोरच्याची फिरकी घेतल्याशिवाय ज्यांना चहा गोड लागायचा नाही असे.

"अरे महेंद्रा, साकव काय पळून जातोय काय?" ते एकदा म्हणाले.

"असला तर पळंल ना, अण्णा," महेंद्र म्हणाला.

समितीत हशा पिकला. अण्णा मात्र हसले नाहीत. आणि पुढच्याच आठवड्यात, पाऊस धो धो कोसळत असताना, हातात छत्री घेऊन ते बौद्धवाडीत हजर झाले. वाडीला वाटलं, म्हातारा रस्ता चुकला.

पऱ्याच्या काठावर उभं राहून त्यांनी चष्मा पुसला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि 'झाली पाहणी' म्हणणार, एवढ्यात मागून सुंदराबाईचा आवाज आला.

"सभापतीनू, काठावरून काय बघताव? पलीकडं जायचा हाय ना? मग उतरा खाली."

महेंद्र ओशाळला. पण म्हाताऱ्याचा हट्ट असा की त्याने खरंच लेंगा वर खोचला आणि पाण्यात पाय घातला. मध्यावर पाणी छातीला लागलं. छत्री गेली, चष्मा गेला, आणि आता अण्णाही जातात असं दिसल्यावर महेंद्रने मागून उडी घेऊन त्यांना कवेत धरलं आणि ओढत काठाला आणलं. सुंदराबाईने त्यांना चुलीपाशी बसवून आल्याचा कोरा चहा दिला. अण्णा थडथड कापत होते.

"तुमी तर जित्ते व्हतात," ती म्हणाली. "धरलात तरी माज्या पोराला. मेलेला माणूस हात पन धरीत नाय."

त्यानंतर बांधकाम समितीची शिफारस व्हायला एक बैठक पुरली.

पण आलेला निधी एक आणि कामं दोन. नगराध्यक्ष देवदत्त सुर्वे यांना त्याच पैशातून सड्यावर जाणारा काँक्रीटचा रस्ता करायचा होता. वर त्यांच्या मेव्हण्याने बंगल्यांसाठी प्लॉट पाडले होते. देवदत्त माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवायला हवं. कोणाच्याही दारी मयत झालं तर पहिला धावून जाणार, रात्री-अपरात्री गाडी काढून देणार. पण मेव्हण्याचा रस्ता तो मेव्हण्याचा रस्ता. त्यांच्या पक्षाने आदेश काढला, सगळ्यांनी रस्त्याच्या बाजूने हात वर करायचा. अण्णांनी तो आदेश मोडायचं ठरवलं.

"माझं पद काढून घेतील? घेऊ देत. मला काय आता आमदार व्हायचंय?"

अण्णांचा एक हात इकडे आला की महेंद्रची बाजू एकाने भरत होती. तो नसला तर दोन्हीकडे सारखे हात, म्हणजे देवदत्तचं निर्णायक मत, म्हणजे रस्ता. आणि नेमके सभेच्या तोंडावर अण्णा बागेत कोसळले. महेंद्रने मनातल्या मनात साकवावर पाणी सोडलं होतं. पण आज अण्णांनी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं ते निराळंच सांगायला.

"त्यांच्यातले दोघं उद्या नाहीत. एक मुलाच्या साखरपुड्याला चिपळुणात, दुसरा बायकोच्या ऑपरेशनसाठी मुंबईत. मी खाटेवर पडलो म्हणून निर्धास्त आहेत. म्हणजे माझ्यावाचूनही उद्या तुझे हात जास्त. अशी सभा पुन्हा मिळायची नाही, महेंद्रा. गुमान बसू नकोस."

"नाय बसत, अण्णा."

"शब्द?"

"शब्द."

पहाटे आनंदीबाईंचा फोन आला, अण्णा गेले.

महेंद्र ओट्यावर बसून राहिला. मग अंघोळ करून, पांढरा सदरा घालून मुळ्यांकडे गेला. अण्णांना नुकतंच रत्नागिरीहून आणलं होतं. मुलगी ऋजुता पुण्याहून निघाली होती, ती आल्यावर दुपारी न्यायचं ठरलं. महेंद्र पाया पडला, आनंदीबाईंपुढे दोन मिनिटं खाली मान घालून उभा राहिला आणि तसाच सभेला गेला.

सभागृहात अण्णांच्या खुर्चीत त्यांचा फोटो ठेवला होता, त्याला हार घातला होता. फोटो जुना होता, त्यात अण्णा तिरकस हसत होते. महेंद्रच्या शेजारी बसणाऱ्या गंगा तांबे त्याच्या कानाशी लागल्या.

"दादा, ते दोघं नाय आलेत. आपण जास्त हाव. आज होतोय बघा साकव."

महेंद्रने मान हलवली. 'मतदान घ्या.' दोन शब्द. तो ते वाटभर घोकत आला होता, पुढच्या थांब्याचं नाव घोकावं तसे.

देवदत्त सुर्वे बोलायला उभे राहिले आणि खरोखरच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अण्णांनी मला हाताला धरून या सभागृहात आणलं," ते म्हणाले. "आज अण्णा घरी तसे पडलेले असताना आपण इथे निधीची वाटणी करत बसायचं, हे मला तरी जमणार नाही. दुखवट्याचा ठराव करून आजची सभा तहकूब करावी, असं मी सुचवतो."

खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहायलाच लागले. कातळवण्याच्या सभेत कुठलाही विषय अडू शकत असे, गटारापासून दिव्याच्या खांबापर्यंत. एकच ठराव कधी अडत नसे, तो हा. त्यावर कधी कोणी बोललं नव्हतं, कधी हात मोजले गेले नव्हते. शुभंकर तर तो सभेच्या आधीच लिहून आणायचा, शेवटी 'सर्वानुमते' घालून.

"आणि अनुमोदन," देवदत्त डोळे पुसत म्हणाले, "महेंद्रभाऊंनी द्यावं अशी माझी इच्छा आहे. काल संध्याकाळी अण्णांजवळ तेच होते."

मुख्याधिकारी मनस्विनी मॅडम नव्या होत्या, नियमाला पक्क्या होत्या. त्या म्हणाल्या, "सभा तहकूब करायला हजर सदस्यांच्या बहुमताची संमती लागते. कोणाचा विरोध असेल तर सांगावं." आणि त्यांनी सरळ महेंद्रकडे बघितलं.

गंगाबाईंनी कोपराने ढोसलं. महेंद्रच्या जिभेवर ते दोन शब्द आले होते, अगदी दातांपाशी. त्याने सभागृहावर नजर फिरवली. सगळ्या माना खाली. फोटोतले अण्णा तेवढे वर बघत होते. वाडीत माणूस गेला की त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारपाजारची भांडणं तशीच ठेवून लोक बांबू तोडायला जातात. लहानपणापासून तो हे बघत आला होता. आणि दुसरीही एक भीती त्याच्या पोटात होती, ती कबूल करायलाच हवी. उद्या गाव काय म्हणेल? ज्या मुळ्यांनी तुमच्यासाठी पक्षाशी वाकडं घेतलं, त्यांच्या मढ्यासाठी दोन मिनिटं गप्प बसवेना तुम्हांला? हे 'तुम्हांला' एकट्या महेंद्रला नसतं, सगळ्या वाडीला असतं. आपल्या जातीच्या वाट्याला येणारं बोट त्याने आयुष्यभर तिकिटाच्या पेटीवर बघितलं होतं. सुटे पैसे हातात न देता तिथे टेकवणारं ते बोट.

"अनुमोदन," महेंद्र म्हणाला.

दोन मिनिटं सगळे उभे राहिले. सभा संपली.

अण्णांना दुपारी नेलं. डांबरी रस्त्यावरून, पत्र्याच्या शेडमध्ये, आंब्याच्या सुक्या लाकडांवर. मे महिन्याचं ऊन होतं, सगळं कोरडं ठणठणीत. अग्नी देऊन मंडळी परतली तेव्हा महेंद्र मुळ्यांच्या अंगणात मागे मागे उभा होता. आनंदीबाईंनी त्याला आत बोलावलं. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता.

"विषय झाला का रे?"

महेंद्रला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, "नाय, वहिनी. सभा तहकूब झाली. अण्णांसाठी."

"तू काही बोलला नाहीस?"

"कसा बोलणार? अण्णा इथं असे..."

"अरे, माझ्यादेखत शब्द घेतलान होता ना तुझा?" त्या एवढंच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं महेंद्रला वाटलं.

तहकूब सभा पुन्हा भरली तेव्हा साखरपुड्याचे पेढे घेऊन चिपळूणवाले परत आले होते, मुंबईवालेही आले होते. अण्णांच्या खुर्चीतला फोटो काढून कपाटात ठेवला होता. हात मोजले गेले, दोन्हीकडे सारखे भरले. देवदत्तने निर्णायक मत टाकलं आणि रस्ता मंजूर झाला. बाहेर आल्यावर त्यांनी महेंद्रच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका, महेंद्रभाऊ. पुढल्या निधीत पहिला साकव. माझा शब्द." शब्दाचं काय होतं ते महेंद्रला आता चांगलं ठाऊक होतं, त्याने स्वतःच करून बघितलं होतं.

घरी आईला सांगताना त्याला रडू फुटलं. साठीला टेकलेला बाप्या, पण आईच्या पुढ्यात लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. कोण काय म्हणालं, कोणी कुठे हात वर केला, हे सगळं सुंदराबाईने ऐकून घेतलं.

"बरा केलंस," ती म्हणाली. "मढा घरात असताना कोन भांडतो काय?" मग तिने दाराबाहेर बघितलं. आभाळ भरून यायला लागलं होतं. "म्हंजे आता मना पावसाच्या आदी मराया व्हया."

आणि स्वतःच हसली. महेंद्रला हसू आलं नाही.

तिला ते जमलं नाही. आषाढ अर्धा उलटल्यावर, चार दिवस सड्यावर पावसाची झड लागलेली असताना, सुंदराबाई दुपारची पेज पिऊन आडवी झाली ती उठलीच नाही. महेंद्रची मुलगी तेजल मिरजोळ्याला कारखान्यात होती, ती संध्याकाळपर्यंत आली. त्या दिवशी नेलं नाही. सकाळी पाणी उतरेल, अशी सगळ्यांनी आशा धरली. सकाळी पाणी आणखी चढलं होतं. दुपारपर्यंत वाट बघितली. वाडीतली जाणती माणसं काठावर जाऊन येत आणि नुसती मान हलवून ओट्यावर बसत. घरात उदबत्त्यांचा धूर कोंडला होता, आणि आता उदबत्त्यांनीही भागत नव्हतं.

"नेऊया," शेवटी महेंद्रच म्हणाला.

आत्माराम म्हणून वाडीतला वयस्कर माणूस होता, जानूच्या तिरडीलाही तो होता. त्याने नवा नायलॉनचा दोर आणून दोन्हीकडच्या झाडांना बांधला. सुंदराबाईला प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलं. तेवढाच एक उपाय होता. पुढे उजवा खांदा देत महेंद्र. पाणी कमरेला आलं, मग छातीला, मग खांद्याला. तिरडी डोक्यावर उचलून धरली तरी लाट वरून गेली. कागद सुटला, एका टोकाने फडफडला आणि पाण्याबरोबर गेला. मागून तेजल काठावरून ओरडत होती, "आजीला धरा, आजीला धरा!" महेंद्रचा खांदा आतून तुटल्यासारखा कळवळला पण त्याने तिरडी सोडली नाही. आई वाहून गेली नाही, एवढंच झालं. पलीकडे तिरडी टेकली तेव्हा तिच्या केसांतून पाणी निथळत होतं. लुगडं अंगाला चिकटलं होतं. तोंडावर एक कुजकं पान बसलं होतं, ते महेंद्रने काढलं.

लाकडं ओली. पेट घेईनात. देवदत्त सुर्वे निरोप मिळताच आले होते, अलीकडच्या काठावर छत्री धरून डोळे पुसत उभे होते. डिझेलचा कॅन त्यांनीच दिला, तो दोराला बांधून पलीकडे ओढून घेतला. सुंदराबाई काळ्या धुरात, अर्धवट जळत, रात्र पडेपर्यंत धुमसत राहिली. महेंद्र भिजत तिथेच बसून होता.

पुढची सर्वसाधारण सभा श्रावणात भरली. पहिलाच विषय दुखवट्याचा. ठराव देवदत्तने स्वतः वाचायला घेतला.

"आपले सहकारी श्री. महेंद्र जाधव यांच्या मातोश्री, कैलासवासी..."

"कालकथित," गंगाबाई म्हणाल्या.

"माफ करा. कालकथित सुंदराबाई जानू जाधव यांचं दुःखद निधन झालं. त्या अखेरपर्यंत वाडीच्या सुखदुःखाशी समरस होत्या. ही सभा त्यांना सर्वानुमते..."

खुर्च्या सरकल्या. काही जण उभे राहिलेही होते.

"मतदान घ्या," महेंद्र म्हणाला.

देवदत्तला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कशावर?"

"या ठरावावर."

"अहो महेंद्रभाऊ, दुखवट्याचा ठराव आहे. तुमच्या आईचा."

"माझ्याच आईचा. मतदान घ्या."

उभे राहिलेले खाली बसले. शुभंकरने लिहून आणलेल्या कागदाकडे बघितलं, मग महेंद्रकडे. मनस्विनी मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सदस्यांनी मागणी केली आहे. घ्यावं लागेल."

"ठरावाच्या बाजूने?" देवदत्तने कागदावरून नजर न उचलता विचारलं.

एक-एक हात वर गेला. समोरच्या बाकांवरचे गेले, मग महेंद्रच्या बाजूचेही गेले. शेवटी गंगाबाईंनी रडत रडत हात वर केला. मेलेल्या बाईच्या विरोधात कसं जायचं, असा तो हात होता. महेंद्रने तो बघितला आणि त्याला त्यांचा राग आला नाही. आपणही मे महिन्यात हेच केलं होतं.

"विरोधात?"

महेंद्रने उजवा हात वर केला. त्या दिवसापासून तो खांदा धरला होता, रत्नागिरीला दाखवूनही उतार पडला नव्हता, हात कानाच्या वर जात नव्हता. त्याने तो जाईल तितका नेला आणि धरून ठेवला. दुखत होतं.

"एक," शुभंकर म्हणाला. त्याने 'सर्वानुमते' खोडलं आणि शेजारी बारीक अक्षरात 'बहुमताने' लिहिलं.

"ठराव मंजूर," देवदत्त पुटपुटले. "आता दोन मिनिटं..."

सगळे उभे राहिले. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. माना खाली घालून सगळे उभे होते आणि त्यांच्यामध्ये महेंद्र एकटा बसून होता. मोजणी केव्हाच संपली होती, तरी त्याचा हात वरच होता.